तांड्याची किल्ली

मला वाटलं होतं, तांड्यावरच्या लोकांना यंत्रावर विश्वास ठेवायला शिकवावं लागेल. प्रत्यक्षात त्यांनी माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवला होता.

२००६ सालचा ऑक्टोबर. बंगलोरला शिकून मी यवतमाळला परतले आणि एका धर्मादाय दवाखान्यात काम धरलं. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेली माणसं वेळेत पोचत नव्हती. म्हणून मी एक प्रोग्राम लिहिला. दारव्ह्यापलीकडच्या तांड्यावर माहिती केंद्र सांभाळणाऱ्या हंसाबाईंनी तिथल्या कॉम्प्युटरवर बटन दाबायचं, इंटरनेटवरून आमच्या सर्व्हरला हाक येणार, दवाखान्याची गाडी निघणार. पूर्वी कुणीतरी खोट्या हाका पाठवून गाडी फुकट पळवली होती. म्हणून प्रत्येक गावाला मी वेगळी किल्ली दिली. किल्ली म्हणजे आकड्यांची लांबलचक खूण, ठरलेल्या मुदतीतच चालणारी. हाकेवरची तारीख मुदतीत बसली नाही, तर सर्व्हरने गप्प राहायचं. अनोळखी माणसाला उत्तर कशाला द्यायचं? त्या गप्प राहण्याचा मला फार अभिमान होता.

एका सोमवारी नोंदी चाळताना तांड्याच्या बारा नाकारलेल्या हाका दिसल्या. सगळ्या दहा दिवसांपूर्वीच्या, एकाच दुपारच्या. किरकोळ बिघाड असेल म्हणून मी जीपने निघाले.

हंसाबाईंनी केंद्र उघडून दिलं. चहा ठेवते म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. कॉम्प्युटर सुरू केला तर त्यावर तारीख होती १ जानेवारी २००२. आतली छोटी बॅटरी संपली होती. लोडशेडिंगमध्ये वीज गेली की घड्याळ मागे जायचं. त्या तारखेला माझी किल्ली जन्मलीच नव्हती.

त्या दुपारी काय झालं होतं, ते मी विचारलं.

"संगीताले फवारताना चक्कर आली," हंसाबाई म्हणाल्या. संगीता त्यांची सून, मुलगा रामसिंगची बायको. "शेजाऱ्याची जीप दारात उभी होती. रामसिंग म्हणे, टाका तिले जीपमंदी. मी म्हटलं, थांब बाप्पा, दीपमालाताईची गाडी येऊन राह्यली. आन् मी बटन दाबत राह्यली..."

"आणि संगीता?"

"इथंच, या बाकावर. इचारत राह्यली, गाडी आली का... गाडी आली का... दिवे लागायच्या आत गेली."

दारात रामसिंग उभा होता. शांतपणे म्हणाला, "कुलूप लय मजबूत आहे ताई तुमचं. घरच्यालेच आत घेत नाही."



चारच्या सुमाराला वीज गेली. पंखा थांबला, पडदा काळा झाला. बाहेर कापूस वेचणाऱ्या बायांचा आवाज येत होता, तोही हळूहळू बंद झाला. मग खोलीत फवारणीच्या औषधाचा कडवट वास आला. मी हंसाबाईंकडे पाहिलं. त्या बाकाकडे बघत होत्या.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. यवतमाळहून इंद्रजित बोलत होता, आमच्याकडे सर्व्हर सांभाळणारा. हसत म्हणाला, "जमलं वाटतं, इंजिनिअरबाई. तांड्याची हाक आली. किल्ली बरोबर, तारीख बरोबर. गाडी सोडली मी. पण रोग्याचं नाव संगीता... हे चाचणीचं नाव आहे का?"

मी पडद्याकडे पाहिलं. कॉम्प्युटर बंद होता. शिवाय तांड्यावर इंटरनेट याच फोनच्या तारेवरून चालायचं; एक सुरू असताना दुसरं होत नसे. आणि मी तर फोनवर होते.

"अजून जोडलेलं आहे तिथून," इंद्रजित म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "खाली लिहिलंय... गाडी आली का."

दीड तासाने गाडी आली. हंसाबाईंनी गाडीचं मागचं दार उघडलं, आत हात घालून चादर सारखी केली, थोडा वेळ थांबल्या. मग दार हळूच लावलं, कुणाचा पदर अडकू नये तसं. "जाय बाई," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांड्याची किल्ली रद्द करायला बसले. नोंद उघडली. हाकेखाली आमच्या सर्व्हरचं उत्तर होतं, 'गाडी निघाली'. आणि त्याखाली तांड्याहून आलेली पोच. समोर बसून कुणीतरी ते उत्तर वाचून बटन दाबलं, तरच पोच येते. तसं मीच लिहिलं होतं.

मी किल्ली तशीच ठेवली. सर्व्हरचं गप्प राहणं मात्र काढून टाकलं. किल्ली पटो न पटो, हाक आली की उत्तर जाईल आणि गाडी आधी निघेल. हाक कुणी मारली, ते नंतर बघू.