उपाशी टेकडीवरची चार नाणी

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. मला कोणाला पटवत बसायचं नाही. लोकांनी खोटं ठरवलं म्हणूनच माझे वडील गेले.

तारीख सांगते. मागच्या वर्षीचा नोव्हेंबर, दुसरा रविवार. जागा इंग्लंडच्या नॉरफोकमधल्या आमच्या गावाबाहेरचं एक नांगरलेलं शेत. तिथे कधी धड पीक आलं नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सगळे त्याला 'उपाशी टेकडी' म्हणतात.

रात्र नव्हती. दुपारचे अडीच वाजले होते.

माझं नाव जॅनिस थर्टल. मी गावात टपाल वाटते. माझे वडील सिरिल थर्टल तीस वर्षं मेटल डिटेक्टर घेऊन शेतं फिरले. नांगरट झाली, पाऊस पडून माती बसली, की बाबा निघालेच. कानाला हेडफोन, हातात यंत्र, खिशात चीजचं सँडविच. सापडायचं काय? गंजलेले खिळे, शिपायांची बटणं, मेंढीच्या गळ्यातलं एखादं घुंगरू. ते घुंगरू बाबा नळाखाली असं धुवायचे की जणू तान्ह्या बाळाला न्हाऊ घालतायत.

या छंदाचे नियम कडक असतात. शेतकऱ्याची परवानगी घ्यायची. खड्डा बुजवायचा. आणि एका जागी पुष्कळ काही लागलं तर पुढे खणायचं नाही. आहे तसं झाकायचं आणि पुरातत्त्व खात्याच्या बाईंना बोलवायचं.

चार वर्षांपूर्वी एका शनिवारी बाबांना उपाशी टेकडीवर चांदीची नाणी लागली. हातोड्याने ठोकून पाडलेली, नखासारखी पातळ, सातशे वर्षांपूर्वीची. फुटक्या मडक्यात गच्च भरलेली. बाबांनी एक फोटो काढला. एकाही नाण्याला हात न लावता माती परत लोटली आणि बाईंना फोन केला. त्या सोमवारी येणार होत्या.

मधल्या दोन दिवसांत जागा फक्त एकाला माहीत होती. डेरिक गुडरम, बाबांचा पंचवीस वर्षांचा जोडीदार. मी लहानपणापासून ज्यांना डेरिककाका म्हणत आले, ते.

सोमवारी खड्डा रिकामा निघाला.

मडक्याची खापरीसुद्धा नाही.

मग डिटेक्टरवाल्यांच्या क्लबात कुजबुज सुरू झाली. सिरिलनेच रातोरात काढून विकली असणार. फोटो काय, कुठलाही असू शकतो. बाबांचं नाव यादीतून काढलं. ज्या शेतकऱ्यांच्या घरी बाबा तीस वर्षं चहा प्यायले, ते रस्त्यात दिसले की पलीकडच्या बाजूने जाऊ लागले. दीड वर्षात बाबा संपले. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हणते, गाव.

डेरिककाका अंत्ययात्रेला आले होते. रडले होते.

आता त्या रविवारचं सांगते.

सोमवारपासून उपाशी टेकडीवर वीज बनवायच्या सौरपट्ट्या बसणार होत्या. म्हणजे त्यानंतर तिथे कोणालाच कधी शोधता येणार नव्हतं. बाबांच्या नाण्यांतलं एखादं जरी मातीत राहून गेलं असेल, तर ते मिळवायचा माझा हा शेवटचा दिवस. आणि शेताची परवानगी होती डेरिककाकांकडे.

त्यांनीच फोन केला.

"क्लबच्या पत्रकात छापायचंय, पोरी. जुनं यंत्र बरं की नवं. मी माझं नवं आणतो, तू तुझ्या बापाचं डबडं आण. वाजतं ना अजून?"

"तुमच्या जिभेपेक्षा खरं वाजतं," मी म्हटलं.

ते खो खो हसले.

फाटकावर लारवूडबाई भेटल्या, शेताच्या मालकीण. "खड्डे बुजवा आणि फाटक लावा," एवढंच म्हणून शेजारच्या घरात गेल्या. सोसाट्याच्या वाऱ्याने त्यांचा रुमाल उडत होता. आम्ही वर पोचलो तेव्हा तो वारा पडला.

मग खालच्या ओढ्याकडून धुकं चढू लागलं. काळी माती, पांढरं धुकं. मधे आम्ही दोघं.

यंत्रांची तुलना करायची रीत सोपी आहे. एक नाणं मोजून वीतभर खोल पुरायचं, वर झेंडी लावायची आणि दोन्ही यंत्रं त्यावरून फिरवायची. ज्याच्या कानात स्वच्छ वाजलं ते सरस. पण नाणं खरं जुनं लागतं. आजच्या चिल्लरीचा आवाज वेगळा, ठोकलेल्या चांदीचा वेगळा. जाणकार लगेच चूक काढतात.

डेरिककाकांनी खिशातून चामड्याचं छोटं पाकीट काढलं. पाठ वळवून एक नाणं घेतलं. चटकन पुरलं, बुटाने माती दाबली, लाल झेंडी रोवली.

"बघ आता," म्हणाले. नवं यंत्र चालू केलं, त्याच्या टोकाची चकती झेंडीवरून फिरवली.

काही नाही.

पुन्हा फिरवली.

काहीच नाही...

"तू बघ गं."

मी बाबांचं यंत्र फिरवलं. लोखंडाला ते घशातून गुरगुरतं. चांदीला पाखरासारखी शीळ घालतं. तेव्हा शीळही नव्हती, गुरगुरही नव्हती. माती मुकी झाली होती.

त्यांनी फावड्याने ढेकूळ उलटलं. बोटांनी चुरलं. मुठीत मावणारं छोटं धातुशोधक यंत्र कणाकणावर टेकवलं.

नाणं नव्हतं.

"ढेकळातून घसरलं असेल," डेरिककाका म्हणाले. आवाजात चीड होती. त्यांनी पाकिटातून दुसरं काढलं. या वेळी खड्डा पाच पावलं लांब. माती मीच दाबली, माझ्या बुटाखाली.

यंत्र फिरवलं.

काही नाही.

खणलं. रिकामं.

"तू काढलंस!"

"माझे दोन्ही हात यंत्रावर होते, काका. डोळे कुठे होते तुमचे?"

"मस्करी करतेस म्हाताऱ्याची?"

"मस्करी करायला मी तुमच्या क्लबातली नाही."

त्यांनी तिसरं पुरलं. शिव्या देत पुरलं. आणि जागेवर स्वतः पाय देऊन उभे राहिले, जसा कुत्रा हाडावर पंजा ठेवतो तसे.

तेवढ्यात माझ्या कानात...

खर्रर्र.

दोन यंत्रं जवळ आली की एकमेकांच्या कानात खरखरतात. म्हणून आम्ही मधे वीस पावलं अंतर ठेवतो. मला वाटलं, त्यांचंच यंत्र.

"तुमचं बंद करा," मी ओरडले.

"बंदच आहे!"

माझ्या कानात पुन्हा... खर्रर्र. मग गप्प. मग खर्रर्र.

शेतात तिसरं यंत्र चालत होतं.

मी धुक्यात चहूकडे पाहिलं. कोणी नाही. पावलांचा आवाज नाही. मातीत बूट रुतला की जो चपक असा आवाज होतो, तोही नाही. फक्त कानात ती खरखर. उजवीकडून डावीकडे. क्षणभर थांबणं. मग परत.

ते थांबणं मला ओळखीचं होतं.

बाबांचा डावा खांदा धरलेला असायचा. चकती डावीकडे नेली की ते एक श्वास थांबायचे, मगच परत फिरवायचे. तीस वर्षं मी ती चाल शेताच्या कडेला बसून पाहिली आहे. मला ती झोपेतही कळेल.

मी चकती हवेत उचलून धरली. खरखर तरीही चालूच.

तेवढ्यात डेरिककाका बोलले. त्यांनी बंद यंत्राचे हेडफोन कानावरून ओरबाडून काढले होते, तरी दोन्ही हातांनी कान दाबून उभे होते.

"बस कर, सिरिल," ते म्हणाले. "बस कर रे."

मी बाबांचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

त्यांच्या पायाखालची माती त्यांनीच उकरली. गुडघ्यावर बसून, नखांनी. तिसरंही गेलं होतं. त्यांनी पाकीट उघडलं, चौथं काढलं आणि तळहातावर धरलं. तेव्हा पहिल्यांदा मी नाणं नीट पाहिलं.

राजाच्या कपाळापासून गालापर्यंत चीर. कडेला दातासारखा तुकडा उडालेला.

बाबांच्या फोटोत मडक्याच्या तोंडाशी सगळ्यात वर होतं, तेच. तो फोटो चार वर्षं माझ्या फ्रिजवर आहे. रोज दूध काढताना मी तो चेहरा बघते.

मूर्ख माणूस. तुलनेला खरी जुनी चांदी हवी, म्हणून चोरलेल्यातलीच चार घेऊन आला होता. त्याच शेतात.

मी ते नाणं हिसकावलं.

"हे कुठून आलं?"

"जॅनिस, दे ते."

"कुठून आलं, डेरिक?"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला नुसत्या नावाने हाक मारली.

"पुरून टाकू दे," तो रडत होता. "त्याचं त्याला मिळालं की जाईल तो. तीन घेतली त्याने, हे एक राहिलंय. दे गं, पोरी. पाया पडतो."

"त्याची नाणी परत करतोयस? आणि त्याचं नाव? ते कोण परत करणार? तू माझ्या बापाच्या शवपेटी उचललीस रे! त्याच हातांनी!"

तो मातीत डोकं घालून बसला. मी यंत्र बंद केलं, मुठीत नाणं आवळलं आणि फाटकाकडे निघाले.

यंत्र बंद होतं.

तरी कानात... खर्रर्र.

हेडफोन काढून गळ्यात टाकले.

तरी... खर्रर्र. क्षणभर गप्प. खर्रर्र.

माझ्या डाव्या बाजूने, मी जितकी भरभर चालेन तितक्याच भरभर. फाटक तीनशे पावलांवर. धुक्यात ते दिसतही नव्हतं. माझी मूठ गार पडू लागली. आधी बोटांची टोकं, मग तळवा. नाणं बर्फासारखं झालं.

आणि मग...

माझी करंगळी उघडली.

मी उघडली नाही. कोणीतरी ती हळूच सोडवली. तान्ह्याच्या मुठीतून धारदार वस्तू काढून घेताना सोडवतात, तशी.

मग तिच्या शेजारचं बोट.

मी किंचाळले. पण भीतीने नव्हे, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. मला राग आला होता. चार वर्षांचा राग.

"नाही देणार, बाबा! तीन घेतलीत ना? घ्या! पण हे नाही. हे गेलं तर माझ्याकडे काय उरतं? आईला लोक चोराची बायको म्हणून हाक मारतात, ठाऊक आहे? तुम्ही झाकून ठेवलंत, नियम पाळलात, गप्प बसलात आणि मेलात! मी गप्प बसणार नाही!"

मधलं बोट ताणलं जात होतं. मी दुसऱ्या हाताने मूठ आवळली. नाण्याची फुटकी कड तळव्यात घुसली, रक्त आलं. तशीच धावले.

कुंपणाची तार आली. फाटक आलं. फाटकाबाहेर पाय ठेवला...

आणि सगळं गप्प.

लारवूडबाईंच्या स्वयंपाकघरात मी मूठ उघडली. नाणं होतं. त्यांनी ते बशीत ठेवलं, माझा हात धुतला आणि पुरातत्त्वाच्या मिस पर्डींना स्वतः फोन लावला. रविवार असूनही त्या तासाभरात आल्या. चार वर्षांपूर्वीची फाइल घेऊन आल्या. फोटो बशीशेजारी ठेवला. तीच चीर, तोच उडालेला तुकडा.

"थर्टल खरं बोलत होते," मिस पर्डी म्हणाल्या. मग बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

डेरिकने शेतातच सगळं कबूल केलं, बाकीची नाणी कधीच विकल्याचंसुद्धा. पोलिसांनी त्याला धरून गाडीत बसवलं तेव्हा त्याच्या दहाही बोटांची नखं फाटलेली होती. खटला झाला. आता तो समुद्राकाठी बहिणीकडे असतो. म्हणे घरात रेडिओ लावू देत नाही. क्लबाने आम्हाला माफीचं पत्र पाठवलं. मी ते आईला दाखवलं आणि चुलीत घातलं.

सौरपट्ट्यांचं काम दोन दिवस थांबवलं. मिस पर्डींच्या माणसांनी तिन्ही खड्ड्यांखालची माती कंबरभर खोल काढून चाळली.

ती तीन नाणी सापडली नाहीत.

लोक मला सांगतात, तुझे वडील येऊन न्याय करून गेले. मी मान डोलावते. पण मला ते पचत नाही. बाबांनी माझा हात आयुष्यात कधी जोरात धरला नाही. आणि ते बाबा असतील, तर स्वतःचं नाव परत मिळवून देणारं एकुलतं एक नाणं ते माझ्या हातातून का सोडवत होते?

आणि बाबा नसतील, तर बाबांच्या चालीने त्या धुक्यात कोण चालत होतं?

नाणं आता शहरातल्या संग्रहालयात आहे. काचेच्या कुलूपबंद पेटीत, काळ्या कापडावर. खाली कार्ड आहे: उपाशी टेकडी, शोधणारे सिरिल थर्टल.

दर मंगळवारी टपाल वाटून झालं की मी बस पकडून जाते. पहारेकरी आता ओळखतो, तिकीट विचारत नाही. मी काचेवर तळवा ठेवते. काच गार असते. इतर पेट्यांच्या काचा तशा नसतात, मी हात लावून पाहिलंय.

मी दातओठ खाऊन हळूच म्हणते, "खबरदार. हात लावायचा नाही."

गेल्या मंगळवारी नाणं जागेवर होतं.

परवा पुन्हा जायचंय.