तुलनेचा गट

सन २०६१. चंद्रपूरच्या नेत्रसंशोधन प्रयोगशाळेत डॉ. सुलभा वैरागडे पडद्यावर मुलांच्या डोळ्यांच्या वाढीचा वेग दाखवणारे दोन आलेख पाहत होत्या. शेवटी दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर बसल्या होत्या. तसे व्हायला नको होते.

ऊन इतके वाढले होते, की शहरातली मुले थंड घरातून थंड गाडीने थंड शाळेत जात. दहापैकी आठ जणांना लघुदृष्टी होती. त्यासाठी सुलभाताईंनी नऊ वर्षे खपून नव्या जातीचे निद्राभिंग बनवले होते. एका शाळेत दोन वर्षे चाचणी चालू होती : तीस मुलांना निद्राभिंग, तीस मुलांना साधा चष्मा. निकाल चांगला आला, तर जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाला ते मिळणार होते.

"भिंगाचं काम मला एकदा नीट सांगा," पुंडलिक उराडे म्हणाले. ते याच महिन्यात संख्याशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले होते.

"डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा मऊ असतो. भिंग रात्रभर त्याला हलकेच चपटं करतं. सकाळी काढलं, की दिवसभर चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं. पण खरं काम कडेला होतं. लघुदृष्टीत डोळा मागे लांब वाढत जातो. कडेचे किरण दृष्टिपटलाच्या अलीकडे पडले, की वाढ आवरायचा इशारा डोळ्याला मिळतो."

"मग चष्मेवाल्यांना हा इशारा कोणी दिला? पहिल्या वर्षी त्यांचे डोळे नेहमीसारखे वाढले. दुसऱ्या वर्षी वाढ थबकली."

सुलभाताई पडद्याजवळ सरकल्या. "मुलं भिंगांची अदलाबदल तर करत नसतील?"

तसे असेल तर जंतुसंसर्गाने एखाद्याचा डोळा जाऊ शकत होता. चाचणी तर त्याच दिवशी बंद करावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत दोघे शाळेत पोचले. भिंगवाल्या मुलांची तपासणी रोज सकाळी सहाला सुरू होई. वर्ग नऊला भरत. तपासणी आटोपून खोली रिकामी झाली होती. आरडाओरडा मागच्या मैदानावरून येत होता. तिथे चुन्याच्या पाट्या आखून आट्यापाट्यांचा डाव रंगला होता. दोन्ही गटांतली मुले होती. चष्मेवाल्यांनी चष्मे इलॅस्टिकने डोक्यामागे बांधले होते.

भिंगवाली चैताली नैताम धापा टाकत आली. "तपासणी झाली की नऊपर्यंत काय करायचं जी मॅडम? आता चष्मा पडायची भीती नाही, म्हणून खेळतो आम्ही."

"आणि तू?" सुलभाताईंनी तिच्या मैत्रिणीला, झैनबला विचारले. तिच्या डोळ्यांवर चष्मा होता.

"मी एकटी घरी कायले बसू? मागच्या वर्षीपासून आम्ही सगळेच येतो."

"हिचं भिंग घालून पाहिलंस कधी?"

"छी! दुसऱ्याच्या डोळ्यातलं?"

सुलभाताईंना हायसे वाटले. त्यांनी प्रकाशमापक बाहेर काढला. वर्गापेक्षा इथे पंचवीसपट उजेड होता.

"उघड्यावरचा उजेडही डोळ्याची वाढ आवरतो," त्या म्हणाल्या. "हे जुनंच ज्ञान आहे. आपण फक्त मुलांना आत कोंडलं."

"मग सोपं आहे," उराडे म्हणाले. "चष्मेवाल्यांना सकाळी येऊ द्यायचं नाही. वर्षभरात रेषा वेगळ्या होतील."

"आलेख नीट दिसावा म्हणून झैनबचे डोळे बिघडू द्यायचे?"

उराडे ओशाळले. "दुसरी शाळा घेऊ."

"तिथंही हेच होईल. भिंगामुळे मूल चष्म्यातून सुटतं, बाहेर धावतं, आणि त्याचे दोस्त मागोमाग येतात. एकाला दिलेलं भिंग दुसऱ्यालाही लागू पडतं. मुलांना मित्र आहेत तोवर आपला तुलनेचा गट टिकणार नाही."

"मग मुलाची मुलाशी नको, गावाची गावाशी तुलना करू," उराडे म्हणाले. "एका गावाला भिंग, दुसऱ्याला सकाळचं मैदान. आणि तिसरं, काहीच न देता ठेवायचं."

"ते गाव तुम्ही निवडा. तिथल्या मुलांना कारणही तुम्हीच सांगा."

समोर झैनब दोघांना हुलकावणी देऊन शेवटची पाटी ओलांडत होती. उराडे तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी टिपणवही उघडली आणि दोनच रकाने आखले.