थोरल्याचा धंदा

ऐक, मला भुताखेतांच्या गप्पांचा मनस्वी कंटाळा. शाळेत पोरं असलं काही सांगायला लागली की मी त्यांना पाढे म्हणायला लावते. तेव्हा हे मी सांगतेय, यातच काय ते समज.

चुलतभावाने घराण्याची वंशावळ छापायला घेतली होती. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा धंदा हवा, म्हणाला. काम अर्थातच माझ्या गळ्यात. म्हणून बाबांची जुनी वही घेऊन मी दुपारी दादाकडे गेले. आमच्या घराण्यात बापाचा धंदा मुलाने कधी केलाच नाही. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' म्हणून नातेवाईक आम्हाला हसायचे.

दादा प्लंबर. बाबांना त्याला वेल्डर करायचं होतं. त्याने ठाम नकार दिला त्या दिवशी बाबा ओरडले नाहीत, नुसते रडले. एवढ्याशा गोष्टीला माणूस रडतो कसा, असं तेव्हा मला वाटलं होतं.

मागच्या खोलीत दादा घामाघूम होऊन जमीन फोडत होता. नवा पाइप टाकायचा होता.

"या मास्तरीणबाई! मेलेल्यांची हजेरी घ्यायला आलीस?"

"आधी जिवंतांची. तुझ्यापुढे काय लिहू?"

"लिही, बहिणीचं ऐकणारा. आणि वाच की मोठ्याने, हातोडा चालवायला करमणूक होईल."

मी वाचायला लागले. "पणजोबा, विहिरी खणायचे. घरामागच्या विहिरीत उतरले." त्यापुढे काहीच नाही. "आजोबा, सुतार. विहिरीवर फळ्या ठोकल्या. वडील, लोहार. फळ्यांवर जाळी बसवली." मग बाबांनी स्वतःबद्दल लिहिलं होतं. "मी, गवंडी. जाळीवर काँक्रीट ओतलं, वर मागची खोली बांधली. थोरला, वेल्डर. त्याने लोखंडी पत्रा बसवावा. जाड घ्यावा. तोवर कुणाला फोडू देऊ नये."

मी वहीवरून मान वर केली.

"दादा, थांब..."

घाव पडला होता. काँक्रीटचा मोठा तुकडा निखळला. खाली जाळी होती, आणि तिचे गज मधोमध वर वाकलेले होते. वर! त्याखालच्या फळ्या फुटलेल्या, सगळे ढलपे आमच्याकडे तोंड करून. भोकातून ओल्या मातीचा वास आला, आत्ता खणल्यासारखा ताजा.

दादाच्या हातातून छिन्नी निसटली आणि आत गेली. आम्ही कान देऊन बसलो. पडल्याचा आवाज काही आला नाही.

मग खालून कुणीतरी बोललं. ओरडून नाही. कामात असलेला दमलेला माणूस बोलतो, तसं.

"मिळाली... आता दोर सोड."

अगं आई गं! दादाचा दंड धरून मी त्याला फरफटत बाहेर आणला. दिवस मावळायच्या आत वेल्डर बोलावून बोटभर जाड पत्रा बसवून घेतला. गटाराचा वास येतो, असं त्याला सांगितलं. खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली.

मी निघताना दादा एवढंच म्हणाला, "किती वर्षं झाली गं... कुणीच दोर सोडला नाही?"

"सोडायचाही नाही! माझी शपथ आहे तुला." मला एकच भाऊ आहे. मी अक्षरशः हात जोडले त्याच्यापुढे.

काल वंशावळीचा कच्चा कागद घेऊन गेले. आधी खोली उघडून पाहिली. कुलूप जसंच्या तसं, पत्र्याचे चारही जोड शाबूत. जिवात जीव आला. दादाच्या नावापुढची रिकामी जागा मी त्यालाच भरायला दिली. त्याने सावकाश लिहिलं, 'विहिरी खणणे.'

"चेष्टा पुरे हं!" मी खेकसले.

तो हसला नाही. पेन परत देऊन खाटेवर आडवा झाला. खाटेखाली दोराचं वेटोळं होतं, नवंकोरं, दुकानाच्या चिठ्ठीसकट. मी वाकून हात लावला.

दोराचं एक टोक ओलं होतं.