तूच वाजव, तूच सांग

मिथुन, पाला नीट कोंब मडक्याच्या तोंडात. वाफ निसटली तर शेंगा कच्च्या राहतील आणि मग सगळे मलाच बोलणार, की आबांच्या गोष्टीपायी पोपटी बिघडली. हां, असं. आता उलटं ठेव आणि पेंढा पेटव. मडकं निघेपर्यंत कुणी उठायचं नाही. मुतायला जायचं असेल तर आत्ताच जाऊन या, नंतर एकट्याने जायला तयार होणार नाही.

भुताची गोष्ट तुम्हीच मागितलीत. पण मी सांगतोय ती या मिथुनसाठी. सोमवारपासून हा रोह्याला कंपनीत लागतोय, कंत्राटावर. याची आई आख्ख्या आळीत पेढे वाटत फिरली. मीही खाल्ला. वाईट काही नाही, हाताला काम हवंच. पण पेढा खाताना मला आपल्या गावचा दिनानाथ आठवला.

यात पांढऱ्या साडीतली बाई नाही, आधीच सांगतो. टेम्पो चालवण्यात माझा जन्म गेला, तसली एकही कधी भेटली नाही. हे घडलं ते माझ्या भाच्यासमोर, आदेशसमोर. टेम्पो माझा, चालवायचा तो. आणि रात्र गेल्या वर्षीची, माघी गणपतीच्या आदली. आदेशने मला पहाटे सांगितलं तेव्हा त्याचे दात वाजत होते. थंडी होती म्हणा. पण तेवढी नव्हती.

रोह्याच्या त्या कंपनीचं नाव मी घेणार नाही. तिथे विमानाच्या पंखांची पॅनलं बनायची. पंखाच्या मागच्या कडेला फळीसारखं वर-खाली होणारं जे असतं ना, त्याची. दोन बाजूंना पातळ पत्रे, मधे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, सगळं चिकटवून भट्टीत शिजवायचं. चिकटलं तर दगडासारखं घट्ट. नाही चिकटलं तर आत पोकळी राहते, आणि वरून डोळ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून ते वाजवून बघायचं. छोटी हातोडी घ्यायची, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, सगळं पॅनल वाजवत जायचं. चांगलं असेल तर टण बोलतं. पोकळ असेल तर ठप.

हे काम दिनानाथचं. त्याचा कान असा, की रस्त्याने जाताना माझ्या टेम्पोचा आवाज ऐकून सांगायचा, "आबा, मागचा पाटा गेलाय, बघ." आणि त्याची एक रीत होती. खराब पॅनल सापडलं की हा स्वतः तोंड उघडायचा नाही. ज्याने ते बनवलं त्याला बोलवायचा, हातोडी त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "तूच वाजव, तूच सांग." त्या माणसाने वाजवायचं आणि आपल्या तोंडाने म्हणायचं, खराब. म्हणेपर्यंत दिनानाथ तिथून हलायचा नाही. बोलायचा नाही, रागवायचा नाही. नुसता उभा राहायचा. पोरं म्हणायची, त्यापेक्षा दोन शिव्या घाल बाबा.

पुढे कंपनीने जुनी माणसं कमी केली. कंत्राटाची पोरं आली. आज दाखवायचं, उद्या भट्टीवर उभं करायचं. माल लवकर हवा म्हणून पॅनल पुरतं शिजायच्या आत बाहेर. खराब मालाची थप्पी लागली आणि तपासायला एकटा दिनानाथ, कारण दुसरा चेकर सोडून गेला तो गेला, त्याच्या जागी कुणाला घेतलंच नाही. याची शिफ्ट संपायची आणि साहेब यायचा, आजच्या दिवस थांबा म्हणून. असा किती दिवस थांबला कोण जाणे. एका सकाळी तिसरी शिफ्ट संपवून मोटारसायकलवर इकडे आपल्या गडबला घरी येत होता. भिसे खिंडीत एक ट्रेलर बंद पडून उभा होता, चांगला सूर्यप्रकाश होता, रस्ता मोकळा. सरळ जाऊन आदळला. ब्रेक मारल्याची खूणसुद्धा नव्हती रस्त्यावर. डोळा लागला होता त्याचा.

मला अजून संताप येतो. झोपेने मारलं नाही त्याला. असो.

कंपनीने फोटोला हार घातला आणि दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली. आता चेकरच नाही. खराब थप्पी तशीच, आणि माल पाठवायची तारीख डोक्यावर. तेव्हा साहेबाला नितेश आठवला.

नितेश जोह्याचा. घरात गणपतीचा कारखाना, आजोबापणजोबांपासूनचा. हा मात्र लग्न झाल्यापासून या कंपनीत होता, कंत्राटावरच. दरवर्षी कायम करतो म्हणायचे आणि दरवर्षी विसरायचे. साहेबाने त्याला केबिनमधे बसवलं, चहा दिला.

"मूर्तीला चीर गेली तर तुम्ही काय करता रे?"

"भरतो साहेब. लांबी, म्हंजी पुट्टी, भरायची, घासायची, वरून रंग."

"कळतं कुणाला?"

"कुणाला नाय कळत."

"मग एवढी पॅनलं कर. हा लॉट गेला की सोमवारी तुझी कायमची ऑर्डर."

"आणि शिक्का साहेब? चेकरचा शिक्का लागतो ना."

"दिनानाथचा आहे की ड्रॉवरमधे. या लॉटपुरता मार."

नितेशला लगेच शिव्या घालू नका. त्याने मन लावून काम केलं. सुईएवढं भोक पाडलं, आत लांबी सोडली, वाळवली, घासली, रंग मारला. घरी मूर्तीला करतात तसंच. वाजवून बघितलं तर टण. खूश झाला गडी. मूर्ती दीड दिवस बसते, दहा दिवस बसते, मग पाण्यात जाते. तेवढे दिवस टिकली की कारागिराचं काम झालं. विमानाला विसर्जन नसतं, हे त्याला कुणी बसवून सांगितलंच नव्हतं. प्रत्येक पॅनलवर त्याने मेलेल्या माणसाचा शिक्का मारला, शाई पुसू नये म्हणून वरून लॅकरचा हात दिला आणि प्लॅस्टिकमधे बांधलं. एकच पॅनल त्यात वेगळं होतं. ते दिनानाथने शेवटच्या रात्री स्वतः पास केलेलं, स्वतः शिक्का मारलेलं. नितेशने त्या शिक्क्यावरही लॅकरचा हात दिला, प्लॅस्टिक बांधलं आणि ते मानाने सगळ्यांच्या पुढे लावलं.

रात्री माल टेम्पोत चढला. सकाळपर्यंत मुंबईला पोचायला हवा होता. नितेश आदेशच्या शेजारी बसला. घरी गणपती, वाटेत पेणच्या पुढे उतरला असता.

रोहा सोडल्यावर आदेशने विचारलं, "खूश दिसतोस."

"सोमवारी कायम व्हतोय. नमिताला अजून बोललो नाय. दिवस हाईत तिला. घरी गेल्यावर सांगीन."

भिसे खिंड लागली. गाडी दुसऱ्या गिअरमधे. आणि मागून आवाज आला.

टण.

आदेशला वाटलं पट्टा सुटला. गाडी बाजूला घेतली, मागचं दार उघडून बघितलं. पट्टे ताठ. पॅनलांच्या मधे फोम कोंबलेला, हलायला जागा नाही. दार लावलं, पुढे येऊन बसला, किल्ली फिरवणार...

टण. टण. टण.

इंजिन बंद होतं, पोरांनो. गाडी जागच्या जागी उभी होती.

"उंदीर शिरला वाटतं," आदेश म्हणाला. त्यालाच ते पटलं नाही.

नितेश ऐकत होता. आवाज इकडेतिकडे नव्हता. ओळीने होता. वरून खाली. मग थोडं थांबून परत वरून खाली. डावीकडून... उजवीकडे...

"आदेश," तो हळूच म्हणाला. "ह्यो हात मला म्हाइत हाय."

टण. टण.

ठप.

आणि मग काही नाही.

दोघं बसून राहिले. खिंडीत रातकिडेही बोलत नव्हते. आदेश म्हणतो, त्या गप्प बसण्यापेक्षा आवाज बरा होता. कुणीतरी मागे उभं आहे आणि वाट बघतंय, एवढंच कळत होतं. त्याने गाडी चालू करायला हात पुढे केला, तर नितेशने तो धरला.

"नको. ते माझ्यासाठी थांबलंत."

"कोण?"

"मी बनवलंय ना ते. मलाच सांगायला लागंल."

तो उतरला. मागे गेला. आदेशही गेला, कारण पुढे एकट्याने बसवेना. दार उघडलं. मोबाइलच्या उजेडात आत फक्त पॅनलं. माणूस नाही. नितेश चढला आणि मागच्या रांगेतल्या एका पॅनलपाशी गेला, अगदी बरोबर, जसं कुणी बोट दाखवलं असावं. बोटाच्या पेराने वाजवलं.

ठप.

संध्याकाळी हेच पॅनल टण बोललं होतं.

आता एकच शब्द म्हणायचा होता. कायमची ऑर्डर, नमिता, घरचा गणपती, सगळं त्या एका शब्दाच्या पलीकडे होतं. आदेश खाली दाराला धरून उभा. किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाही.

"खराब," नितेश म्हणाला.

लगेच बाजूचं पॅनल वाजलं. आपोआप. आदेशच्या डोळ्यांसमोर. टण, टण... ठप.

"खराब."

पुढचं.

"खराब."

असं एकेक करत तो पुढे सरकत गेला. आवाज पुढे, हा मागे. रडत होता. पण बोलत होता. आपण भरलेलं एकही त्याने सोडलं नाही.

मग आवाज शेवटच्या पॅनलवर आला. सगळ्यांत पुढचं. मानाचं.

टण. टण. टण. टण.

ठप.

नितेश थांबला.

"काका..." तो म्हणाला. "ह्यो माझा नाय. ह्यो तुमचा हाय."

...

"तुमीच पास केलाय काका. त्या राती."

ठप.

या वेळी फार हळू. आदेश म्हणतो, हातातली हातोडी जड झालेल्या माणसाने वाजवावं तसं.

"मी नाय बोलणार," नितेश म्हणाला. "तुमच्या कामाला मी नाय बोलणार."

...

परत आवाज आला नाही. नितेश खाली उतरला. दार लावलं. नागोठणं गेलं, हायवे लागला. मुंबईला जायच्या ऐवजी आदेशने गाडी माझ्या अंगणात आणून उभी केली.

मला पहाटे जाग आली ती दणक्यांनी. बाहेर येऊन बघतो तर नितेश माझा मोठा हातोडा घेऊन पॅनलं फोडतोय. एकेक प्लॅस्टिक फाडायचं, शिक्का दिसला की त्यावरच घाव. मी ओरडलो, अरे हे काय चालवलंस, लाखाचा माल.

"आबा, मी खराब बोललोय," तो म्हणाला. "बोलल्यावर ठेवता येत नाय."

मी मग अडवलं नाही. मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं, तरी अडवलं नाही. एवढं एक बरं केलं मी.

ऊन वर आलं तशी साहेबाची गाडी आली. पोलिसात देतो, आयुष्यातून उठवतो, तोंडाला येईल ते बोलला. केस खरंच घातली त्याने, अजून चालू आहे. कायमची ऑर्डर तर गेलीच. नितेश आता जोह्यालाच असतो, बापाच्या हाताखाली. मुलगी झाली त्याला.

तर साहेब ओरडून दमला आणि त्याला टेम्पोत ते शेवटचं पॅनल दिसलं. नितेशने तेवढं फोडलं नव्हतं. हातच लावला नव्हता.

"हे तरी शाबूत ठेवलंस," साहेब म्हणाला. "हे दिनानाथने स्वतः पास केलंय. याला कोण खराब म्हणतो ते बघू."

त्याने स्वतःच्या हाताने प्लॅस्टिक सोडलं. टेप सगळी जागच्या जागी होती, मी बघितली. पॅनल उजेडात धरलं. उलटं केलं. परत सुलटं केलं. मग चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं. एकदा नितेशकडे बघितलं, पण नितेश ओट्यावर बसून झोपला होता, बसल्या बसल्या, तोंड उघडं टाकून.

साहेबाने पॅनल माझ्या भिंतीला टेकवलं आणि गाडीत जाऊन बसला. परत न्यायला कुणी आलं नाही. माझ्या माळ्यावर आहे ते. मिथुन, सोमवारी जायच्या आधी ये आणि बघून जा. कोपऱ्यात लॉटचा नंबर आहे, तारीख आहे, शाई अगदी ठळक. लॅकर सगळीकडे सलग, कुठे ओरखडा नाही. मी नख फिरवून बघितलंय. आणि नंबराच्या खाली, जिथे दिनानाथचा शिक्का होता, तिथे कोरं आहे.