कॉकपिटमधला तिसरा

विमानतळावर आपल्या सामानाला आपणच चिठ्ठी चिकटवायची, ही काउंटरवाल्या बाईंना सरळसरळ थट्टा वाटत होती. आयुष्याची अठ्ठावीस वर्षं त्यांनी असल्याच काउंटरपलीकडे उभं राहून लोकांच्या बॅगांना चिठ्ठ्या बांधल्या होत्या. त्यांची ती विमान कंपनी बंद पडून जमाना झाला, पण हाताची सवय गेली नव्हती. समोरच्या यंत्राने दुसऱ्यांदा "पुन्हा प्रयत्न करा" म्हटल्यावर बाईंनी त्याला असं काही सुनावलं, की रांगेतले दोघं-तिघं हसले.

शेजारी उभे असलेले त्यांचे यजमान मात्र हसले नाहीत. ते त्याच कंपनीत फ्लाइट इंजिनियर होते. हे पद आता सांगूनही कुणाला कळत नाही. तेव्हा कॉकपिटमध्ये तिघं असत. दोन वैमानिक समोर तोंड करून, आणि तिसरा त्यांच्या मागे, बाजूच्या भिंतीवरच्या काट्यांकडे आणि बटणांकडे तोंड करून. उड्डाणाआधी आणि उतरण्याआधी वैमानिक तपासणीची यादी वाचायचे आणि इंजिनियर एकेका शब्दात उत्तर द्यायचे. पुढे संगणक आला आणि तिसरी खुर्ची गेली. "बरंय, त्याला डुलकी तरी लागत नाही," एवढंच इंजिनियर तेव्हा म्हणाले होते.

ते बोलायचे तेव्हाची ही गोष्ट. अकरा महिन्यांपूर्वी एका सकाळी त्यांना झटका आला. हातपाय बरेचसे सावरले, वाचा गेली ती गेलीच. वर्षभरात शब्द फुटला तर फुटला, पुढे फार आशा धरू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. लेकीने तिच्या शहरात बोलायला शिकवणारी एक नावाजलेली डॉक्टरीण शोधली होती, म्हणून दोघं निघाले होते. महिना उरला होता आणि बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

विमानात बावीस नंबरच्या रांगेत इंजिनियर खिडकीशी बसले, बाई मध्ये, आणि कडेला तान्ह्या बाळाला घेतलेली एक तरुण आई. गुडघे पुढच्या सीटला टेकत होते. सीट मागे जाईना.

"आमच्या वेळी चिनी मातीच्या कपात चहा यायचा," बाईंनी सुरुवात केली. "हात पुसायला गरम पाण्यात पिळलेला रुमाल. आणि बूट काढून पाय लांब करता यायचे."

"किती छान ना!" तरुण आई म्हणाली. ती बाळ दाखवायला माहेरी निघाली होती.

"छान कसलं? मागच्या चार रांगा सिगारेटी ओढायच्या आणि सगळ्यांचे डोळे चुरचुरायचे. आणि बसायचं कोण? साहेब लोक. तू तेव्हा बाळ दाखवायला आईकडे विमानाने गेली असतीस होय?"

बाईंचं हे असं होतं. जुन्याचं कौतुक तोंडभर, पण खोटं बोलवत नसे.

दारं बंद झाली. विमान हळूहळू मागे सरकू लागलं आणि इंजिनियरांचा उजवा हात वर गेला. खिडकीच्या वरच्या कोऱ्या प्लास्टिकवर त्यांची बोटं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर टेकू लागली. बाईंनी पाहिलं आणि मान फिरवली. हाताला सवय असते, त्यांच्या स्वतःच्या हाताला नव्हती का?

"सेट."

आवाज घोगरा होता. बाईंना वाटलं, मागच्या रांगेत कुणीतरी बोललं.

"चेक्ड."

त्या गर्रकन वळल्या. इंजिनियरांचे ओठ हलत होते. ते थांबले, मान किंचित पुढे कलवली, कुणीतरी काहीतरी विचारत असल्यासारखं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "नॉर्मल."

"अहो!" बाईंनी त्यांचा दंड धरला. "अहो, कोण विचारतंय तुम्हाला?"

इंजिनियरांनी एक बोट वर केलं. थांब. बाईंनी आपला कान त्यांच्या कानाजवळ नेला. इंजिनांची घरघर आणि बाळाचा श्वास, याखेरीज तिथे काहीही नव्हतं. तरी दर थोड्या वेळाने उत्तर येत होतं. सेट. चेक्ड. ऑन.

विमानाने जमीन सोडली आणि ते गप्प झाले.

पुढचा तासभर बाईंनी काय काय विचारलं. पाणी हवं का, थंडी वाजते का, लेकीचं नाव काय. इंजिनियर त्यांच्याकडे नेहमीसारखं बघत राहिले, मायेने आणि मुके. आलेली वाचा हातातून निसटली, या विचाराने बाईंना रडू कोसळलं. तरुण आईने न विचारता कागदी रुमाल पुढे केला.

मग विमान खाली उतरू लागलं, आणि हात पुन्हा वर गेला.

"सेट."

बाईंनी डोळे पुसले.

"चेक्ड."

पुढच्या वेळी मात्र ते ऐकून गप्प राहिले. कपाळावर आठी पडली. बोट प्लास्टिकवर तसंच टेकलेलं. मग पायाखाली घरघर झाली, धप्प असा आवाज आला. चाकं बाहेर पडल्याचा तो आवाज बाईंना पाठ होता.

"डाउन," इंजिनियर म्हणाले. "थ्री ग्रीन." तिन्ही चाकं नीट बसली की तीन हिरवे दिवे लागतात, हे बाईंना ठाऊक होतं.

पुन्हा ती थांबण्याची वेळ आली. बाईंनी सगळा धीर गोळा केला आणि त्या रिकाम्या जागेत आपला प्रश्न घातला.

"आपली वाट कोण बघतंय?"

इंजिनियर वळले.

"लेक," ते म्हणाले.

चाकं टेकली.

इंजिनियरांची चाल अजून धीमी होती, म्हणून दोघं सगळ्यांच्या शेवटी दाराशी पोचले. कॉकपिटचं दार उघडं होतं. कॅप्टन बाई बाहेर येऊन उभ्या होत्या, चाळिशीच्या, चेहरा उतरलेला.

"छान उतरवलंत," इंजिनियर म्हणाले. शब्द अडखळत आले, पण आले.

कॅप्टनने दाराची चौकट धरली. "परत बोला," त्या म्हणाल्या. "काहीही बोला."

"का हो?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही हसाल. आम्ही कुणाला सांगत नाही, सांगितलं तर आमचीच तपासणी लावतील." कॅप्टनचा आवाज खाली गेला. "या एकाच विमानात असं होतं. आम्ही दोघं यादी वाचतो आणि पाठीमागून तिसरा उत्तर देतो. काही राहिलं असेल तर तो गप्प बसतो. मग आम्ही पुन्हा बघतो, आणि खरंच काहीतरी राहिलेलं असतं. या आवाजावर भरवसा ठेवायची सवय लागली होती हो आम्हाला. आज पहिल्यांदाच तो आला नाही."

"कधीपासून येतो?" बाईंनी विचारलं. काउंटरवरच्या माणसाला तारीख लागते.

कॅप्टनने तारीख सांगितली. सकाळचं पहिलं उड्डाण, साडेसात वाजता. अकरा महिन्यांपूर्वीची, झटका आला त्याच सकाळची तारीख.

बाईंनी इंजिनियरांचा हात घट्ट धरला. तो उबदार होता.

"पहिल्या दिवशी मात्र भलतंच बोलला," कॅप्टन म्हणाल्या. "मी इंधनाचं विचारलं, आणि मागून अगदी घाईघाईने आवाज आला, 'अगं, दूध उतू जातंय.'"

त्या सकाळी बाई ओट्याकडे पाठ करून भाजी निवडत होत्या. इंजिनियरांनी बोट उचललं होतं, तोंड उघडलं होतं, आणि आवाज न काढता ते खाली कोसळले होते. ओट्यावर वाळलेलं दूध बाईंनी दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्या दिवशी खरवडलं होतं. हे त्यांनी लेकीलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

"सांगितलं होतं मी तुला," इंजिनियर म्हणाले.