खुणेचा धागा

“तुम्ही उद्या शाळेत आलात ना काकू, तर मी पुन्हा त्या वर्गात पाऊल टाकणार नाही!”

लाँड्रीच्या मागच्या खोलीत कोणाचा कपडा ते ओळखू यावं म्हणून शर्टाच्या कॉलरला आतून खुणेचा धागा घालत बसलेल्या काकूच्या बोटात सुई खचकन रुतली. समोर पुतणी उभी... चौदा वर्षांची पोर, नाकाचा शेंडा लालबुंद, डोळे तुडुंब! जायचं तर काकूलाही नव्हतं. पण शाळेतल्या बाईंना ती कोणत्या तोंडाने नाही म्हणणार होती?

बाई नागरिकशास्त्र शिकवायच्या. दर शनिवारी एकेका माणसाला वर्गात बोलवून त्याची कहाणी त्याच्याच तोंडून मुलांना ऐकवायच्या. पंधरा वर्षांपूर्वीच्या दंगलीत दुसऱ्या धर्माची म्हणून ज्यांची घरं जळाली, ते सगळे येऊन बोलून गेले होते. बाईंचं माहेरही त्यातलंच. “सोसलेल्यांचं ऐकून झालं,” मागच्या दाराशी उभ्या राहून बाई म्हणाल्या होत्या, “आता जिच्या हातून चूक झाली, तिचंही मुलांनी ऐकायला हवं. येताना ती वही आणा. कोणी वेडंवाकडं बोलणार नाही, हा माझा शब्द.”

ती वही! लाँड्रीच्या खुणांची वही जमावाच्या हाती देऊन काकूने घरं दाखवली, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. त्यापायी दीड वर्षं तुरुंगात काढली होती तिने.

आणि खरं काय होतं? दारात काठ्या घेऊन आलेल्यांना घरं सांगितली होती तिच्या धाकट्या दिराने, याच पोरीच्या बापाने. थरथर कापत, रडत, पण सांगितली होती! जावेला तेव्हा सातवा महिना होता. “भाऊजी, माझ्या वाटेकडे डोळे लावून बसलंय कोण? तुम्ही गप्प राहा,” असं म्हणून ती विधवा, निपुत्रिक बाई पोलिसांपुढे जाऊन उभी राहिली. परत आली, तर दिराची मान जी खाली गेलेली, ती वर झालीच नाही. गिऱ्हाइकं तुटतील म्हणून तिची रवानगी मागच्या खोलीत झाली, ताटही तिथेच येऊ लागलं. अहो, उपकाराचं ओझं एवढं जड असतं का, की माणसाने ते समोरच दिसू नये म्हणून आत ढकलावं?

आता सांगायचं तरी काय! खरं बोलावं, तर पोरीचा बाप तिच्या नजरेतून उतरतो. खोटं बोलावं, तर चाळीस लेकरांना माणुसकी शिकवायची ती थापेवर! की सरळ ताप आला म्हणावं? शनिवार उजाडेपर्यंत तिने तिन्ही ठरवून तिन्ही मोडली होती.

शेवटी पाय आपसूक शाळेकडे वळले. दीर दहा पावलं मागून चालत होता. का येत होता, कोण जाणे!

वर्गात काकू उभी राहिली आणि जीभ जुन्याच वाटेने गेली. “मी घाबरले... मी वही दिली... माझ्यामुळे तेरा संसार उघड्यावर आले, बाळांनो!” वही बाकांवरून फिरत फिरत पुतणीपाशी आली. तिने ती नाइलाजाने उघडली, दोन पानं उलटली आणि तिथेच थबकली.

“काकू, यात पत्ते कुठे आहेत?”

“अं?”

“नुसते धागे आहेत. लाल दोन टाके, निळा एक टाका, पुढे आकडा. आपल्याकडे अजून असंच असतं. घर कुठलं, हे वहीत नसतंच. ते फक्त कपडे पोचवणाऱ्यालाच...”

पोरगी बोलता बोलता पांढरीफटक पडली. तेव्हाही कपडे एकच माणूस पोचवायचा. पंधरा वर्षांत हा प्रश्न ना पोलीस साहेबांना सुचला, ना वकिलाला. आयती कबुली मिळाली आणि सगळे मोकळे झाले होते!

“बाळ, बस खाली... मला तोंडपाठ होते पत्ते,” काकू घाईघाईने म्हणाली. स्वतःचंच बोलणं तिला पटेना.

“वहिनी, पुरे!”

दारात दीर उभा होता. पंधरा वर्षांनी त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं. “घरं मी सांगितली, बाई. तुमचंही. तुमच्या आईच्या हातचं पाणी रोज पिऊन पुढे जायचो... आणि तेच दार मी पहिलं सांगितलं.”

बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. “आमचा धागा कोणता होता?” त्यांनी एवढंच विचारलं.

“पिवळा, तीन टाके,” दीर आणि काकू एकदमच म्हणाले.

बाईंनी डोळे पुसले, पण माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत. खडू ठेवायच्या टेबलाजवळची खुर्ची त्यांनी पुढे सरकवली आणि दिराला म्हणाल्या, “बसा. पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका.”

पुतणी मधोमध उभी होती. बापाकडे जावं की पाठ फिरवावी, तिला कळेना. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा काकूकडे... मग काकूचा सुईने टोचलेला हात घट्ट धरून तिने तिला आपल्या बाकावर ओढून बसवलं.

“हलू नकोस इथून,” ती रडत रडत म्हणाली. “मला एकटीला नाही ऐकवणार.”

दीर खाली बघत सांगू लागला. काकू पहिल्यांदाच नुसती ऐकत बसली.