त्रेसष्टनंतरचे फोटो

नकाशेभाऊंचं खरं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक होतं. नगरपालिकेच्या पर्यटन विभागात त्यांची वीस वर्षं गेली. पाहुण्यांसाठी गावाचा नकाशा त्यांनी काढला, तेव्हापासून हे नाव जे चिकटलं ते चिकटलंच. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला टेकड्या, मधल्या चिंचोळ्या पट्टीत गाव. ते कुठून पाहावं हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे. फोटो काढणाऱ्यांसाठी त्यांनी अकरा जागा हेरल्या होत्या आणि प्रत्येक जागी जमिनीवर पिवळ्या रंगात दोन पावलं काढून घेतली होती. पावलांवर पाय ठेवायचे, कॅमेरा डोळ्याला लावायचा, बस्स. आंधळ्याने काढला तरी फोटो चांगला यायचा, असं लोक थट्टेने म्हणत.

आता अकराच्या दहा उरल्या होत्या. नवीन पुस्तिका छापायची होती आणि साहेबांचं टुमणं चालू होतं, "नकाशेभाऊ, एक जागा आणखी शोधा हो. अकरा कसं भरदार वाटायचं."

म्हणून त्या दिवशी जेवण उरकल्यावर ते टेबलभर जुने फोटो पसरून बसले होते. समुद्रावरून धुकं चढत होतं. खिडकीची काच हळूहळू पांढरी पडत होती आणि खोलीत ओल्या दोरखंडासारखा वास भरला होता. पाठीमागे दारात कुणीतरी उभं आहे हे त्यांना उशिराच जाणवलं.

"आत येऊ?"

पंचेचाळिशीची बाई होती. खांद्याला पिशवी, गळ्यात काळ्या दोऱ्याला अडकवलेलं एक छोटं भिंग.

"मी शेजारच्या शहरात घड्याळं दुरुस्त करते," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी तुमच्या दीपगृहाखालच्या खडकावरून एक ग्रंथपालबाई वाहून गेल्या... ती माझी ताई."

नकाशेभाऊंनी तिला खुर्ची दिली. पाणी विचारलं. स्वतःच दोन घोट प्यायले.

"तुमच्याशी भांडायला नाही आले मी," ती म्हणाली. "काही जागा ओळखून हव्यात. या गावातला दगडन् दगड तुम्हाला पाठ आहे म्हणतात."

ताईचा कॅमेरा गेल्या वर्षी एका मच्छीमाराच्या जाळ्यात आला होता. कॅमेरा सडून गेला होता, पण आतलं कार्ड घड्याळवालीने आपल्या हत्यारांनी उघडलं, धुतलं, पुसलं, वाळवलं. त्यावर त्रेसष्ट फोटो निघाले. तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि शेवटचा, त्रेसष्टावा फोटो लावला.

खाडीचं पूर्ण वळण, त्यावर उतरत गेलेली छपरं, टोकाशी धक्का. ही चौकट साऱ्या गावात एकाच ठिकाणाहून मिळते. नववी जागा.

नववी जागा नक्की केली तेव्हा दीपगृहाचा म्हातारा रखवालदार त्यांना म्हणाला होता, "भाऊ, उधाणाच्या दिवशी इथे लाट पाठीमागून येते. आणि आवाज न करता येते." ते म्हणाले होते, पाटी लावू. पाटी रंगवूनही झाली. पण उद्घाटन तोंडावर आलं, पाटी कोठारात मोडक्या खुर्च्यांखाली गेली आणि 'उद्या लावू, उद्या लावू' करता चार महिने निघून गेले. मग ती बाई पिवळ्या पावलांवर पाय ठेवून, समुद्राकडे पाठ करून उभी राहिली.

हे झालं हलगर्जीपणाचं. त्याला एक वेळ माफी असेल. पण दुसऱ्या दिवशी पहाटे, चौकशीवाले यायच्या आत, नकाशेभाऊ छिन्नी आणि तारेचा ब्रश घेऊन खडकावर उतरले होते. ती पावलं त्यांनी स्वतःच्या हातांनी खरवडली. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "अहो, नखांत पिवळं काय?" ते म्हणाले, "रंग." आणि अहवालात लिहिलं, 'सदर ठिकाणी कोणतीही खूण नव्हती. सदर महिला स्वतःच्या जबाबदारीवर खडकावर उतरली.' सारं गाव म्हणालं, बाईला फोटोचं वेड होतं, वेडापायी जीव गेला. नकाशेभाऊंनी मान डोलावली होती.

"ही जागा..." त्यांनी पडद्यावरून नजर काढली. "नीट सांगता येणार नाही."

"राहू दे. पुढचे बघा."

"पुढचे? शेवटचा म्हणालात ना?"

"कार्ड वाळवलं तेव्हा शेवटचा होता." तिचा आवाज खाली आला. "मी ते सुट्या भागांच्या डबीत ठेवते. डबी कुलपात. पण दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघते तर... एक वाढलेला असतो. आधी वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. कुलूप बदललं. तरीही."

चौसष्टावा खडकाच्या पायऱ्यांवरून वर बघून घेतलेला. पासष्टावा बर्फाच्या कारखान्याच्या गच्चीवरून, खाली पहाटेचा मासळीबाजार, होड्या शेजारी शेजारी झोपलेल्या. सहासष्टाव्यात दुरुस्तीला काढलेल्या होडीच्या उघड्या फासळ्यांतून दिसणारा चौक. नकाशेभाऊ बघतच राहिले. वीस वर्षं त्यांनी हे गाव पायाखाली घातलं होतं, पण यातली एकही जागा त्यांना सुचली नव्हती. त्यांच्या अकराच्या अकरा जागा यांच्यापुढे फिक्या होत्या. क्षणभर, खरं सांगायचं तर, त्यांना हेवासुद्धा वाटला.

"आता हे घ्या." घड्याळवालीने भिंग त्यांच्या हातात दिलं. "इथे, कोपऱ्यात बघा."

चौसष्टाव्यात वरच्या रस्त्यावर स्कूटरजवळ एक माणूस उभा होता. पुढच्या फोटोत तोच वर्तमानपत्र घेत होता. त्याच्या पुढच्यात चौक ओलांडत होता. प्रत्येक वेळी पाठमोरा, आणि प्रत्येक वेळी थोडा मोठा. सदुसष्टाव्यात तो नगरपालिकेच्या पायऱ्या चढत होता. अडुसष्टाव्यात एका घराच्या गॅलरीत बनियनवर बसला होता, बाजूला दोरीवर ओळखीची चादर वाळत होती.

नकाशेभाऊंनी भिंग खाली ठेवलं.

"आणि हा आज सकाळी आला," ती म्हणाली.

एकोणसत्तरावा फोटो याच खोलीचा होता. दारातून घेतलेला. पांढरी पडत चाललेली काच, टेबलावर पसरलेले फोटो, खुर्चीत पाठमोरा माणूस.

"पण... मी हे फोटो जेवल्यानंतर टेबलावर पसरले. तासभरसुद्धा झाला नाही."

"म्हणूनच मी दारात आले तेव्हा थोडा वेळ बोललेच नाही," ती कुजबुजली. "तुम्ही अगदी असेच बसला होतात."

तिने लॅपटॉप मिटला. मग ती म्हणाली, "मला एवढंच दाखवा. त्रेसष्टावा फोटो कुठे उभं राहून काढला? ताई शेवटचं कुठे उभी होती, ते मला बघायचंय."

नकाशेभाऊंनी पायांत चपला सरकवल्या.

ते खडकावर उतरले तेव्हा ओहोटी होती. चार पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. धुक्यात समुद्र कुठे आहे ते फक्त वासावरून कळत होतं. नकाशेभाऊ न चुकता त्या ठिकाणी जाऊन थांबले. खडकावर छिन्नीचे ओरखडे अजून होते.

"इथे," ते म्हणाले.

"इथेच कशावरून?"

समुद्र पाठीशी होता. समोर धुकं जरासं फाटलं आणि खाडीचं वळण, छपरं, धक्का, सगळं चौकटीत बसवल्यासारखं दिसलं.

"कारण इथे पावलं होती... पिवळी. मी रंगवून घेतली होती. पाटी लावली नाही. रखवालदाराने बजावलं होतं तरी लावली नाही. आणि नंतर... नंतर मीच ती खरवडली, बाई. तुमच्या ताईची काही चूक नव्हती. मी सांगितलं तिथेच ती उभी राहिली."

घड्याळवालीने वाकून एका ओरखड्यावरून बोट फिरवलं. तिच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता.

आणि मग त्यांच्या मागे, जिथे फक्त पाणी होतं तिथे, एक बारीक आवाज झाला.

खट्.

नकाशेभाऊंची मान ताठरली. घड्याळवालीने त्यांचं मनगट घट्ट पकडलं. तिची बोटं बर्फासारखी गार होती.

"वळू नका," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "काहीही झालं तरी... वळायचं नाही."

तशीच दोघं पायऱ्या चढून आली. वरच्या रस्त्याला लागेपर्यंत तिने मनगट सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी नकाशेभाऊंनी सगळं लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेब म्हणाले, "आता कशाला उकरून काढताय? दोन वर्षं झाली." पण त्यांनी कागद मागे घेतला नाही. पुन्हा चौकशी झाली, नोकरी गेली, पोलिसांच्या चकरा सुरू झाल्या. जुना अहवाल रद्द झाला आणि ग्रंथपालबाईची चूक नव्हती असं नव्या अहवालात लिहिलं गेलं. लोक रस्त्यात तोंड फिरवू लागले. नकाशेभाऊंना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट दोन वर्षांनी पहिल्यांदा त्यांना धड झोप लागली.

चार महिन्यांनी घड्याळवाली त्यांच्या घरी आली. बसली नाही. उंबऱ्यातच तिने पिशवीतून एक छापलेला फोटो काढला.

"सत्तरावा," ती म्हणाली. "यानंतर एकही नाही. हाच शेवटचा असेल."

फोटो समुद्राच्या बाजूने घेतलेला होता. खडक, धुकं आणि खडकावर दोघंजण. घड्याळवाली पाठमोरी होती, तिचा हात शेजारच्या माणसाच्या मनगटावर. पण तो माणूस पाठमोरा नव्हता. पूर्ण वळून तो कॅमेऱ्याकडे बघत होता.

"मी तुमचा हात धरला होता," ती म्हणाली. "तुम्ही वळला नव्हतात. मला पक्कं ठाऊक आहे."

"नाही वळलो."

तिने गळ्यातलं भिंग काढून दिलं. नकाशेभाऊंनी ते स्वतःच्या चेहऱ्यावर धरलं. चेहरा शांत होता. ओठ अर्धवट उघडे होते, समोरच्याने काही विचारावं आणि आपण उत्तर द्यावं तसे.

"काय म्हणालात तुम्ही ताईला?" तिने विचारलं.

नकाशेभाऊंना काही आठवेना. अजूनही आठवत नाही. पण त्यांची बायको सांगते, गावात भरतीची वेळ झाली की, दिवसाउजेडी, पेपर वाचता वाचता किंवा चहाचा कप हातात असताना ते दाराकडे मान वळवतात आणि दोनच शब्द बोलतात, अगदी समजुतीच्या सुरात.

"हो... येतो."

आणि आपण काही बोललो, हे त्यांना ठाऊकही नसतं.